मुलांच्या कॉलेजसाठी किती साठवावे? पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की प्रवेशाची धांदल संपेपर्यंत हे प्रश्न माझ्याकडे येत राहतात. बँकेत असताना बारा वर्षे शैक्षणिक कर्जाचे अर्ज तपासण्याचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे निवृत्तीनंतरही लोक विचारतात. उत्तरे प्रामुख्याने महाराष्ट्रातील प्रवेशपद्धती गृहीत धरून लिहिली आहेत. व्याजदर आणि सवलतींचे निकष सरकार वेळोवेळी बदलते, म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षाचा शासन निर्णय पाहून घ्यावा.

१. फार गुंतागुंत नको, एकच आकडा सांगा. किती रक्कम साठवावी?

मूल घरापासून दूर राहून चार वर्षांची पदवी घेईल असे धरले, तर आजच्या किमतीत साधारण आठ लाख रुपये. त्यात चार वर्षांचा राहण्या-जेवणाचा खर्च सहा लाख, पहिल्या वर्षाचे संपूर्ण शुल्क दीड लाख आणि अडीअडचणीसाठी पन्नास हजार, असा हिशेब आहे. मूल आपल्याच गावात शिकणार असेल, तर ही रक्कम निम्म्याहून कमी होऊ शकते.

पुढच्या तीन वर्षांचे शुल्क यात का धरले नाही, असे लगेच विचारले जाते. शुल्कासाठी सवलत मिळते, शिष्यवृत्ती मिळते, बँक कर्ज देते आणि दरमहाच्या पगारातूनही काही भाग निघतो. खोलीचे भाडे, डबा, अनामत आणि प्रवेशाच्या दिवशी भरायची रोख रक्कम यांसाठी मात्र बहुतेक वेळा कोणी पुढे येत नाही. संपूर्ण शुल्काचा डोंगर पाहून हातपाय गाळण्यापेक्षा, ज्याला दुसरा आधार नाही तो खर्च आधी साठवावा, असे माझे मत आहे. मेडिकल आणि परदेशी शिक्षणाला हा आकडा लागू पडत नाही. त्यासाठी प्रश्न १२ आणि १३ पाहावेत.

२. आजचे आठ लाख पंधरा वर्षांनी किती होतील, आणि दरमहा किती बाजूला टाकावे लागतील?

शिक्षणाचा खर्च दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढेल असे गृहीत धरू. आजचे ८ लाख पाच वर्षांनी सुमारे ११.७५ लाख, दहा वर्षांनी १७.३ लाख आणि पंधरा वर्षांनी २५.४ लाख होतात.

गुंतवणुकीवर १० टक्के परतावा मिळाला, तर पंधरा वर्षे हाताशी असणाऱ्याला दरमहा सुमारे ६,१०० रुपये आणि दहा वर्षे असणाऱ्याला सुमारे ८,४०० रुपये टाकावे लागतील. पाचच वर्षे उरली असतील, तर पैसा शेअर बाजाराच्या भरवशावर ठेवणे योग्य नव्हे. सुरक्षित साधनांत ७ टक्के धरले, तर दरमहा सुमारे १६,४०० रुपये लागतात. १० टक्के हा परतावा अंदाज आहे, त्याची हमी कोणीही देत नाही.

सुरुवातीला ६,१०० जमत नसतील, तर ३,५०० रुपयांनी सुरुवात करून दरवर्षी त्यात १० टक्के वाढ करावी. पंधरा वर्षांत जवळपास त्याच रकमेपर्यंत पोहोचता येते. पगारवाढ झाली की त्याच महिन्यात हप्ता वाढवावा. दिवाळीनंतर पाहू म्हटलेली वाढ पुढच्या दिवाळीपर्यंत राहून जाते, हे मी स्वतःच्या घरातही पाहिले आहे.

३. शुल्काव्यतिरिक्त एवढा खर्च कसला होतो?

माझा मुलगा सांगलीहून पुण्याला इंजिनिअरिंगला गेला, तेव्हा त्याच्या आईने एका वहीत पैन्‌पैचा हिशेब ठेवला होता. पहिल्या वर्षाचे पान असे आहे: कॉट बेसिसवरची खोली, दरमहा ६,५०० प्रमाणे करारानुसार अकरा महिन्यांचे ७१,५००. डबा, ३,८०० प्रमाणे दहा महिन्यांचे ३८,०००. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते म्हणून बाहेरचे खाणे, ९,६००. लॅपटॉप ५२,०००. गादी, उशी, बादली, कुलूप मिळून ३,२००. ड्रॉइंगचे साहित्य आणि प्रयोगशाळेचा ॲप्रन २,४००. घरी येण्याजाण्याचे ७,८००. एकूण १,८४,५००. दोन महिन्यांची अनामत १३,००० वेगळी, जी परत मिळताना रंगकामाच्या नावाखाली कापून आली. महाविद्यालयाच्या शुल्काचा एक रुपयाही या पानावर नाही.

हे जुने आकडे आहेत आणि एकाच घरचे आहेत. मात्र त्या वहीतली रविवार संध्याकाळ कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही. लॅपटॉपसारखा खर्च एकदाच होतो, म्हणून पुढील वर्षे थोडी हलकी जातात.

४. शुल्काची नेमकी माहिती कुठे मिळते? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

राज्यातील खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर महाविद्यालयवार पाहता येते. त्यात शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क असे दोन भाग असतात. वसतिगृह, मेस आणि बस यांचे पैसे वेगळे असतात. अभिमत (डीम्ड) विद्यापीठांना हे प्राधिकरण लागू नाही, ती आपले शुल्क स्वतः ठरवतात. आयआयटीत बीटेकचे शिक्षण शुल्क खुल्या प्रवर्गासाठी २०१६ पासून वर्षाला २ लाख आहे. कौटुंबिक उत्पन्न १ लाखापेक्षा कमी असेल तर ते पूर्ण माफ होते, आणि १ ते ५ लाखांच्या दरम्यान असेल तर दोन तृतीयांश माफ होते.

५. मुलींना शिक्षण मोफत झाले आहे म्हणतात. मग मुलीसाठी साठवायचेच कशाला?

ही सवलत खरी आहे, परंतु ऐकीव माहितीत ती आहे त्याहून मोठी होते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतील, ज्यांचे कौटुंबिक वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे अशा मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. पूर्वी ही सवलत निम्मी होती. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधूनच झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेश, खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे यांना ती मिळत नाही.

विकास शुल्क, वसतिगृह, डबा आणि प्रवास हे सारे यानंतरही उरते. प्रश्न ३ मधील वहीचे पान मुलीच्या बाबतीतही तसेच्या तसे राहते. सुरक्षित ठिकाणी राहण्याची सोय शोधताना ते थोडे जाडच होते. म्हणून मुलीसाठीचे उद्दिष्ट कमी करायचे असेल, तर पहिल्या वर्षाच्या शुल्कापुरतेच करावे आणि तेही उत्पन्नाची मर्यादा आपण ओलांडणार नाही याची खात्री असेल तरच. नवरा-बायको दोघेही नोकरीत असतील, तर मुलगी बारावीला पोहोचेपर्यंत ८ लाखांची रेषा सहज मागे पडते.

६. मुलासाठी काहीच नाही का? आम्ही खुल्या प्रवर्गातले आहोत.

आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्याला कॅपमधून खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तर साधारणपणे शिक्षण शुल्काचा निम्मा भाग मिळतो. लाभ कुटुंबातील दोन अपत्यांपुरता असतो. वसतिगृहात किंवा खोली घेऊन राहणाऱ्या, निकषांत बसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनाही आहे. दोन्हींचे अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर भरावे लागतात.

सवलतीचे पैसे वेळेवर येतीलच असे धरून चालू नये. काही महाविद्यालये प्रवेशाच्या वेळी पूर्ण शुल्क मागतात आणि शिष्यवृत्ती आल्यावर परत करतात, आणि ती येईपर्यंत दुसरे वर्षही सुरू झालेले असते. पहिल्या वर्षाचे पूर्ण शुल्क हाताशी ठेवा असे प्रश्न १ मध्ये म्हटले आहे, ते याच कारणाने.

उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, आणि लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर व जातपडताळणी प्रमाणपत्र, यांसाठी बारावीच्या परीक्षेआधीच सेतू केंद्रात अर्ज करावा. जूनमध्ये तिथली रांग पाहून घाम फुटतो, आणि एका दाखल्यावाचून हजारोंची सवलत गेलेली मी पाहिली आहे.

७. सुकन्या समृद्धी, पीपीएफ की म्युच्युअल फंड?

वेळ किती उरला आहे, यावर उत्तर अवलंबून आहे. सुकन्या समृद्धी खाते मुलगी दहा वर्षांची होण्यापूर्वी उघडता येते. वर्षाला किमान २५० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात, आणि २०२४ च्या जानेवारीपासून त्यावर ८.२ टक्के व्याज मिळत आले आहे, तेही करमुक्त. यात एक मेख आहे. खाते उघडल्यापासून २१ वर्षांनी त्याची मुदत संपते. मुलगी चार वर्षांची असताना उघडलेले खाते ती पंचवीस वर्षांची झाल्यावर पूर्ण होईल, तोवर पदवीचा कागद भिंतीवर लागलेला असेल. शिक्षणासाठी मुलगी १८ वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर, यांपैकी जे आधी घडेल त्यानंतर, मागील आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. त्यासाठी प्रवेशाचा आणि शुल्काचा कागद दाखवावा लागतो आणि रक्कमही त्या मागणीपुरतीच मिळते. बाहेर घेतलेल्या खोलीचे भाडे त्यात बसत नाही. म्हणून सुकन्या खाते शुल्कासाठी उत्तम, पण एकट्याने पुरेसे नाही.

पीपीएफची, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीची, मुदत १५ वर्षांची असते आणि व्याज एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे. मूल दोन वर्षांचे असताना खाते उघडले, तर मुदत नेमकी कॉलेजच्या तोंडावर संपते. स्वतःच्या आणि अज्ञान मुलाच्या खात्यात मिळून वर्षाला दीड लाखांपेक्षा जास्त भरता येत नाहीत.

दहा वर्षांहून जास्त अवधी असेल, तर निम्मी किंवा थोडी अधिक रक्कम इक्विटी फंडात (शेअर बाजारात पैसे लावणाऱ्या म्युच्युअल फंडात) एसआयपीने, म्हणजे दरमहा ठरावीक हप्त्याने, जायला हरकत नाही. मात्र मूल नववीत गेले की ती टप्प्याटप्प्याने मुदत ठेवीत आणायला सुरुवात करावी. मार्च २०२० मध्ये बाजार कोसळला, तेव्हा त्याच जूनमध्ये शुल्क भरायचे असलेले आणि सगळा पैसा फंडात ठेवलेले पालक कर्जासाठी माझ्या टेबलासमोर बसले होते. बाजार नंतर वर आला, पण शुल्काची तारीख त्यासाठी थांबली नाही.

८. एजंट ‘चाइल्ड प्लॅन’, म्हणजे मुलाच्या शिक्षणासाठी विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी, घ्या म्हणतो. घ्यावा का?

बहुतेक घरांना त्याची गरज नाही. कमावत्या पालकाच्या नावे साधा टर्म इन्शुरन्स (बचत नसलेला, फक्त जिवाचा विमा) घ्यावा आणि गुंतवणूक वेगळी ठेवावी. विमा मुलाच्या नव्हे, ज्याच्या पगारावर घर चालते त्याच्या जिवाचा हवा. प्रश्न २ मधील सारा हिशेब तो पगार चालू राहील या गृहीतकावर उभा आहे.

९. सोने, गावाकडचा प्लॉट किंवा भिशी यांतून भागणार नाही का?

सोने अडचणीला हमखास उपयोगी पडते आणि आपल्याकडे कित्येकांची शिक्षणे पाटल्या-बांगड्यांवर झाली आहेत. तरीही दागिना मोडताना मजुरी वाया जाते, आणि घरातली बाई तो मोडायला तयार असेलच असे दुसऱ्या कोणी गृहीत धरू नये. प्लॉट जुलैच्या एका आठवड्यात विकला जात नाही. सातबाऱ्यावर चार भावांची नावे असतील, तर तो आपला पैसा आहे असे धरूच नये. भिशी सहा-आठ महिन्यांच्या खर्चासाठी, समजा लॅपटॉपसाठी, ठीक आहे. पंधरा वर्षांच्या उद्दिष्टासाठी ती कामाची नाही.

१०. गुंतवणूक मुलाच्या नावाने करावी की स्वतःच्या?

सुकन्या खाते मुलीच्याच नावाने असते. बाकीची गुंतवणूक मी स्वतःच्या नावाने ठेवण्याच्या बाजूचा आहे. अज्ञान मुलाच्या नावाने फंड घेतला, तरी त्यावरील करपात्र उत्पन्न सामान्यतः आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक, त्याच्याच उत्पन्नात धरले जाते, त्यामुळे कर वाचत नाही. शिवाय मूल १८ वर्षांचे होताच केवायसी आणि नाव बदलण्याचे सोपस्कार पूर्ण होईपर्यंत व्यवहार थांबतात. नेमकी तीच वेळ प्रवेशाची असते.

११. कर्ज मिळतेच, तर साठवायची घाई कशाला?

कर्ज मिळते, हे खरे. सर्वसाधारण योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपुढे तारण मागितले जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील प्रवेशासाठी विनातारण, विनाजामीन कर्ज मिळते, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील पात्र विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे. आपले महाविद्यालय त्या यादीत आहे का, हे आधी पाहावे.

परतफेड सहसा अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढते. १० लाखांचे कर्ज १० टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे, तर हप्ता १३,२०० रुपयांच्या आसपास येतो. तीस हजारांच्या पहिल्या नोकरीत, परक्या शहरातले भाडे भरून हा हप्ता देणाऱ्या मुलाकडे काय उरेल, याचा विचार अर्जावर सही करण्यापूर्वी व्हावा. कर्ज घ्यायचेच असेल, तर निदान शिक्षण चालू असताना त्याचे व्याज पालकांनी दरमहा भरत जावे.

१२. मुलीला डॉक्टर व्हायचे आहे. मेडिकलसाठी किती धरावे?

येथे एक आकडा सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. एमबीबीएस साडेचार वर्षांचे, त्यावर एक वर्षाची इंटर्नशिप. शासकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तर प्रश्न १ मधील रक्कम थोडी वाढवून पुरते. खासगी महाविद्यालयात खर्च कित्येक पटींनी वाढतो, आणि वर्षाला वीस लाखांहून अधिक शुल्क घेणारी अभिमत विद्यापीठेही आहेत. नीटमधील काही गुणांच्या फरकावर हे सगळे बदलते. त्या टोकाच्या आकड्यासाठी मध्यमवर्गीय कुटुंबाने बचत करू नये असे मला वाटते. शासकीय जागेच्या हिशेबाने साठवावे, आणि ती मिळाली नाही तर काय करायचे हे अकरावीतच घरात स्पष्ट बोलावे.

अकरावी-बारावीच्या क्लासचा खर्चही याच पैशांतून जातो. लातूर किंवा कोट्याला दोन वर्षे पाठवले आणि त्यावर एक वर्ष पुन्हा परीक्षा दिली, की कॉलेजची निम्मी पुंजी कॉलेजच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच संपते. क्लासचे उद्दिष्ट वेगळे ठेवावे.

१३. परदेशी शिक्षणासाठी?

तिथे रुपयाच्या घसरणीचाही हिशेब धरावा लागतो. २०१० मध्ये डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, २०२४ मध्ये ८४ च्या. जर्मनीतील बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, तरीही व्हिसासाठी एका वर्षाच्या राहणीखर्चाचे पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. पदवी भारतात आणि पदव्युत्तर शिक्षण बाहेर, हा क्रम बहुतेक घरांना झेपतो, कारण मधल्या काळात मूल स्वतः एक-दोन वर्षे कमावते.

१४. निवृत्तीचे पैसे मोडून मुलाला शिकवले तर काय बिघडले?

शिक्षणासाठी बँक कर्ज देते. म्हातारपणी घर चालवण्यासाठी तसे कर्ज देणारी बँक मी पाहिली नाही. भविष्य निर्वाह निधीला हात लावण्याऐवजी प्रश्न ११ मधील कर्ज मुलाच्या नावाने घ्यावे. आई-वडिलांचे औषधपाणी पुढे त्याच मुलाच्या पगारातून करावे लागले, तर त्याला शिकवताना केलेला त्याग त्याच्याच हप्त्यांत वसूल झाला असे म्हणावे लागेल.

१५. मुलगा दहावीत आहे आणि आम्ही काहीच साठवलेले नाही.

दोन-तीन वर्षांत जेवढे जमेल तेवढे आवर्ती ठेवीत टाकावे आणि पहिल्या वर्षाच्या रोख खर्चाचेच लक्ष्य ठेवावे. दहावीनंतर तंत्रनिकेतनातून तीन वर्षांची पदविका आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, हा मार्गही विचारात घ्यावा. पदविकेसाठी पैसे दोन वर्षे आधी लागतात, पण तंत्रनिकेतन जवळ असेल तर मूल तेवढा काळ घरी राहते आणि क्लासचा मोठा खर्च टळतो.

१६. आम्ही मराठी आहोत, पण बंगळुरूत राहतो. महाराष्ट्रातील सवलती मिळतील का?

इंजिनिअरिंगसाठी आई किंवा वडिलांचे महाराष्ट्राचे डोमिसाईल असेल, तर राज्याच्या जागांसाठी मुलाचा विचार होऊ शकतो. मेडिकलच्या राज्य कोट्यासाठी मात्र, संरक्षण दल आणि केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसारखे काही अपवाद वगळता, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. हा नियम बारावीच्या निकालानंतर समजून उपयोग नसतो. दहावीची शाळा निवडतानाच निर्णय घ्यावा लागतो.

१७. आजोबांनी नातीच्या नावाने सुकन्या खाते उघडले होते. ते चालेल का?

हे खाते आई-वडिलांनी किंवा कायदेशीर पालकानेच चालवावे असा नियम आहे. आजी-आजोबांनी उघडलेली खाती पालकांच्या नावावर वर्ग करण्याचे निर्देश ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले आहेत, त्यामुळे पासबुक, मुलीचा जन्मदाखला आणि दोघांची ओळखपत्रे घेऊन पोस्टात किंवा बँकेत जावे. आजोबांना पुढेही हातभार लावायचा असेल, तर त्यांनी पैसे मुलीच्या आई-वडिलांकडे द्यावेत आणि त्यांनी ते खात्यात भरावेत.